बालवीर चळवळ आणि आपले मुलगे : कुवेतमधील पालकांसाठी माहिती



शाळा सुरू झाली की मुलांच्या दप्तरातून घरी येणाऱ्या परिपत्रकांत एक परिपत्रक स्काऊट-गाईडचे असते. नाव नोंदवायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो. बऱ्याच घरांत तो गणवेषाचा खर्च, शाळेच्या बसची वेळ आणि ट्यूशनचे वेळापत्रक पाहून निकालात निघतो. एगैला आणि शेजारच्या मंगाफ, फिन्तास, फहाहील भागांत राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांमध्ये या विषयावर अनेकदा बोलणे झाले. स्काऊटमध्ये नेमके काय शिकवतात? त्याने मुलगा खरेच घडतो का? की गळ्यात स्कार्फ बांधून २६ जानेवारीला संचलन केले की झाले? या प्रश्नांची उत्तरे एके ठिकाणी मिळावीत म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशी खरी जबाबदारी देणे, हे या चळवळीचे मर्म आहे. ज्या पथकात ती दिली जाते तिथे मुलगा घडतो. जिथे दिली जात नाही तिथे गणवेष तेवढा उरतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी पथक कसे चालते हे पाहणे महत्त्वाचे.

(लेख मुलग्यांविषयी असला तरी गाईड म्हणजे मुलींच्या विभागालाही यातले जवळजवळ सगळे लागू आहे, हे मुलींच्या पालकांनी कृपया लक्षात घ्यावे.)

आपल्या मुलांना याची गरज का?

अहमदी प्रांतातल्या आपल्या या पट्ट्यात मुलांचा दिवस कसा जातो ते पाहा. फ्लॅट, लिफ्ट, बस, शाळा, ट्यूशन, पुन्हा फ्लॅट. मे ते सप्टेंबर बाहेर खेळायची सोय नाही. शुक्रवारी गेट मॉल किंवा समुद्रकिनारा, तोही आईबाबांच्या गाडीतून. एका बाजूला फहाहील एक्स्प्रेसवे, त्यामुळे सायकल घेऊन मित्राकडे जाणे नाही. मुले सुरक्षित आहेत हे आपले भाग्यच. पण बारा वर्षांच्या मुलाने खालच्या बकाल्यातून एकट्याने कोथिंबीर आणलेली नसते, हेही खरे. त्याच वयाचा त्याचा चुलतभाऊ पुण्यात पीएमपीने क्लासला जातो, सातारला आजीकडे एकटा जातो.

ही उणीव लहानपणी जाणवत नाही. ती बारावीनंतर जाणवते. आपली बहुतेक मुले बारावी झाली की पुणे, मुंबई, नागपूर किंवा आणखी दूरच्या देशात शिकायला जातात. आईबाबा इथे, मुलगा तिथल्या वसतिगृहात. सतरा वर्षे ज्याचा प्रत्येक तास आपण आखून दिला, त्याला अठराव्या वर्षी कपडे धुण्यापासून पैशांच्या हिशेबापर्यंत आणि आजारपणापासून मित्र निवडण्यापर्यंत सगळे स्वतः करायचे असते. आम्ही आयटीवाले कुठलीही नवी प्रणाली चाचणी घेतल्याशिवाय चालू करत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र थेट ‘गो लाईव्ह’! अशी चाचणी लहान प्रमाणात, चुका परवडतील अशा वयात घेण्याची एक जागा म्हणजे स्काऊट पथक.

थोडा इतिहास

या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात १८९९-१९०० मध्ये माफेकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. त्या वेळी गावातली शाळकरी मुले निरोप पोहोचवणे, टेहळणीला मदत करणे अशी कामे करीत. जबाबदारी दिली तर लहान मुलेही ती मोठ्यांसारखी पार पाडतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिले. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती आणि कामकरी घरांतलीही. त्यांचे चार संघ पाडून, प्रत्येक संघाला एक मुलगाच नायक नेमला. ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे त्यांचे पुस्तक १९०८ साली भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मुलांनी आपणहून पथके काढायला सुरुवात केली.

भारतात पहिले पथक १९०९ साली बंगलोरला कॅप्टन बेकर यांनी सुरू केले. त्यानंतर १९१०-११ मध्ये जी पथके निघाली त्यांत आपल्या पुण्याजवळचे खडकी आणि लोणावळा ही नावे आहेत. मात्र या पथकांत प्रवेश होता तो युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच. खडकीच्या मैदानावर गोरी मुले तंबू ठोकत असताना शेजारच्या वस्तीतल्या मराठी मुलाला ते कुंपणाबाहेरून पाहावे लागे.

याला उत्तर म्हणून १९१६ ते १९१८ च्या दरम्यान भारतीयांनी स्वतःच्या संस्था काढल्या. मद्रासला डॉ. ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, तर अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी ‘सेवा समिती’च्या नावाने. बेडन-पॉवेल १९२१ साली भारतात आले तेव्हा काही संस्था एकत्र आल्या, सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. पुढे १९३७ साली भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी काढलेल्या उद्गारांवरून देशभर संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. म्हणजे चळवळीची पद्धत आपल्या नेत्यांनी घेतली, पण सोबत आलेला वरचढपणा घेतला नाही. स्वातंत्र्यानंतर या संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ अस्तित्वात आली. गाईड विभाग १९५१ साली तिच्यात सामील झाला. मध्य प्रदेशातील पचमढी येथे संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी ठाऊक झाला तो शाळांमुळे. स्काऊटला ‘बालवीर’ आणि गाईडला ‘वीरबाला’ हे जुने मराठी शब्द आपल्या आईवडिलांच्या पिढीला नक्की आठवतील. दादरच्या शिवाजी पार्कात फेऱ्या मारलेल्यांनी तिथले स्काऊट पॅव्हेलियनही पाहिले असेल. ‘खरी कमाई’ आणि ‘बिनभांड्याचा स्वयंपाक’ हे उपक्रम तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी केलेले असतील.

पथकाची रचना

भारत स्काऊट्स अँड गाईड्समध्ये मुलांचे वयानुसार विभाग आहेत.

कब : साधारण ५ ते १० वर्षे. ब्रीदवाक्याचा अर्थ ‘प्रयत्न करा’. हा विभाग रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’वर बेतलेला आहे. नायकाला ‘अकेला’ म्हणतात. मोगलीची ती सिवनीची टेकडी म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाचा परिसर!

स्काऊट : साधारण १० ते १७ वर्षे. ब्रीदवाक्य ‘तयार’. या लेखाचा मुख्य विषय हाच विभाग.

रोव्हर : त्यापुढे २५ वर्षांपर्यंत. ब्रीदवाक्य ‘सेवा’.

स्काऊट विभागात ६ ते ८ मुलांचा एक संघ असतो. साधारण चार संघांचे मिळून एक पथक. प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच एक असतो, त्याला संघनायक म्हणतात. त्याच्या मदतीला उपसंघनायक. सगळे संघनायक स्काऊटमास्तरांबरोबर बसून पथकाचे निर्णय घेतात: शिबिर कधी, जेवणात काय, कोणाचे वागणे चुकले आणि त्यावर काय करायचे. मुले टप्प्याटप्प्याने वर जातात: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार.

प्रवेशानंतर दीक्षाविधी होतो. त्यात मुलगा वचन घेतो: देव किंवा धर्म आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचे पालन. नियम नऊ आहेत. विश्वासू असणे, निष्ठावान असणे, सर्वांचा मित्र असणे, विनयशीलता, प्राणी आणि निसर्गावर प्रेम, शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेची काळजी, धैर्य, काटकसर, आणि मन-वाणी-कृतीची शुद्धता, असा त्यांचा सारांश सांगता येईल. रोज एक सत्कृत्य करायचे आणि त्याचा गवगवा करायचा नाही, ही त्यातली सर्वात सोपी वाटणारी आणि सर्वात अवघड गोष्ट.

‘चारित्र्य घडते’ म्हणजे नेमके काय होते?

हे शब्द भाषणात छान वाटतात. प्रत्यक्षात काय घडते ते पाहू.

१. कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, हे कळते. घरी मुलाने काम केले नाही तर आई करते. संघात पाणी आणायचे काम ज्याचे आहे त्याने ते आणले नाही, तर आठ जणांचा भात शिजत नाही. रागवायला कोणी मोठे माणूस लागत नाही. सात भुकेले मित्र पुरतात. जबाबदारी हा शब्द असा समजतो.

२. नायक होणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे, हे कळते. तेरा वर्षांच्या संघनायकाला पहिल्या आठवड्यातच उमगते की ओरडून कोणी ऐकत नाही. कामचुकार मित्राशी कसे बोलावे, लहान मुलाला घरची आठवण येऊन रडू आले तर काय करावे, दोघांच्या भांडणात न्याय कसा करावा, हे त्याला शिकावे लागते. आमच्या कार्यालयात पंधरा-वीस माणसांचा गट सांभाळणाऱ्यांनाही हे रोज लागते, आणि आमच्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ते कुठल्याही विषयात नव्हते.

३. हात चालायला लागतात. गाठी मारणे हा स्काऊटमधला चेष्टेचा विषय, पण त्यामागे विचार आहे. रीफ नॉटने बँडेज बांधतात, क्लोव्ह हिचने दोर खांबाला अडकवतात, शीट बेंडने कमी-जास्त जाडीचे दोन दोर जोडतात आणि बोलाईनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून तो माणसाला वर खेचायला चालतो. गाठ बरोबर आहे की नाही हे सरांनी सांगायची गरज नसते. तंबू उभा राहतो किंवा पडतो. दिवसभर स्क्रीनपुढे असणाऱ्या मुलाला असा निकाल क्वचितच मिळतो.

४. अपयश पचते. करपलेली खिचडी खावी लागते. भिजलेली काडी पेटत नाही. घरी आपण हे अपयश त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. शिबिरात ते पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी खिचडी बरी होते.

५. मुलगा स्वयंपाकघरात येतो. आपल्या मराठी घरांत अजूनही मुलगी ताट उचलते आणि मुलगा उठून जातो, हे मान्य करायला हवे. शिबिरात कांदा चिरणे, भांडी घासणे, शौचालयाची जागा स्वच्छ ठेवणे, सगळे मुलगेच करतात. त्यात कमीपणा वाटेनासा होतो. पुढे वसतिगृहात आणि संसारात याचा उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको.

६. खेळात मागे असणाऱ्यालाही जागा मिळते. क्रिकेटच्या संघात अकराच जण घेतात. संघात नकाशा वाचणारा, प्रथमोपचार जाणणारा, गाणी म्हणणारा, हिशेब ठेवणारा, सगळे लागतात. लाजाळू मुलाला हा फरक फार मोठा असतो.

७. मित्रमंडळ रुंदावते. इथल्या भारतीय शाळेतल्या एका संघात केरळचा, हैदराबादचा, गोव्याचा, पंजाबचा आणि आपला, असे मुलगे एका तव्यावर पोळी भाजतात. स्काऊटमध्ये सर्वधर्म प्रार्थनेची पद्धत आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलाला भारत म्हणजे काय हे कळायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

संशोधन काय सांगते?

चांगले वाटते म्हणून मानावे असे आम्हालाही वाटत नाही. दोन अलीकडचे अभ्यास उल्लेखनीय आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या सुमारे दहा हजार लोकांच्या माहितीवरून एडिनबरा आणि ग्लासगो विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की लहानपणी स्काऊट किंवा गाईडमध्ये असलेल्यांना वयाच्या पन्नाशीत चिंता आणि नैराश्यासारख्या विकारांची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाने फिलाडेल्फिया परिसरातील सुमारे १,८०० कब मुलांची काही इतर मुलांशी तुलना केली. अडीच-तीन वर्षांत कब मुलांमध्ये आनंदीपणा, मदतीची वृत्ती, दयाळूपणा आणि विश्वासूपणा वाढल्याचे त्यांच्या स्वतःच्या उत्तरांतून दिसले.

आता दुसरी बाजू. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हार्टशोर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांनी सुमारे अकरा हजार मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. निव्वळ नैतिक उपदेश ऐकल्याने किंवा अशा एखाद्या संस्थेचे सभासद असल्याने मुले जास्त प्रामाणिक वागतात असे त्यांना आढळले नाही. एकच मुलगा एका ठिकाणी खरे बोलतो, दुसऱ्या ठिकाणी कॉपी करतो, असे दिसले.

या तिन्हींचा मेळ आम्ही असा लावतो. नाव नोंदवल्याने किंवा नियम पाठ केल्याने काही होत नाही. तीच गोष्ट वर्षानुवर्षे, खऱ्या प्रसंगात, मित्रांच्या साक्षीने करत राहिल्याने होते. शिवाय ज्या घरांतून मुले स्काऊटला पाठवली जातात त्या घरांचाही त्यात वाटा असणारच. सगळे श्रेय पथकाला देता येणार नाही.

सावधगिरीचे दोन मुद्दे

पहिला, मुलांची सुरक्षितता. हा विषय आपल्याकडे दबक्या आवाजात बोलला जातो, पण बोलायलाच हवा. अमेरिकेतील बॉय स्काऊट संघटनेवर लैंगिक अत्याचाराचे इतके दावे झाले, की तिला फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी दावे केले आणि भरपाईसाठी २ अब्ज डॉलरहून मोठा निधी उभारावा लागला. मोठे नाव आणि सुंदर वचन यांनी मूल आपोआप सुरक्षित होत नाही. यातून जगभर एक साधा नियम रूढ झाला: कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असता कामा नये, प्रत्येक उपक्रमाला किमान दोन जबाबदार प्रौढ हवेतच. मुलालाही घरी सांगून ठेवावे, की ‘हे आईबाबांना सांगू नकोस’ असे कोणी म्हटले तर तेच आधी येऊन सांगायचे.

दुसरा, ऊन. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या जागतिक जांबोरीला चाळीस हजारांहून अधिक मुले आली होती. उन्हाने शेकडो मुले आजारी पडली, काही देशांनी आपली पथके लवकर हलवली आणि वादळाच्या इशाऱ्यानंतर सगळा तळच रिकामा करावा लागला. कोरियात ही गत, तर आपण राहतो त्या देशात २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियसची नोंद झाली आहे! उन्हाळ्यात मैदानावर संचलनाचा सराव ठेवणाऱ्या पथकाला पालकांनी नम्रपणे पण स्पष्ट ‘नाही’ म्हणावे.

कुवेतमधील परिस्थिती

कुवेतची स्वतःची स्काऊट संघटना जुनी असून ती १९५५ पासून जागतिक संघटनेची सभासद आहे. आपल्या मुलांचा संबंध येतो तो मुख्यतः भारतीय शाळांमधील भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या पथकांशी. प्रवेश शाळेमार्फतच होतो.

वाळवंटातील तंबूंचा हंगाम इथे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत असतो आणि त्यासाठी नगरपालिकेची परवानगी लागते. शिबिराला जाणाऱ्या मुलांसाठी काही सूचना:

- जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते. स्वेटर, कानटोपी आणि उबदार अंथरूण हवेच.
- वाळूत पडलेली कोणतीही अनोळखी धातूची वस्तू हातात घ्यायची नाही. १९९०-९१ च्या युद्धातील स्फोटके आजही अधूनमधून सापडतात.
- बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. विषारी वायूचा वास येत नाही आणि झोपेतच घात होतो.
- पाणी प्रत्येकाने स्वतःचे बाळगायचे. ‘गाडीत आहे’ यावर विसंबायचे नाही.

‘खरी कमाई’विषयी एक खुलासा. महाराष्ट्रात मुले खाऊचे दुकान मांडून किंवा शेजाऱ्यांची कामे करून पैसे मिळवतात. कुवेतमध्ये निधी गोळा करण्याचे नियम कडक आहेत, म्हणून दारोदार जाणे टाळावे. घरातल्या घरात बाबांची गाडी धुणे, इस्त्री करणे अशी कामे करून मिळवलेले पैसे शिबिराच्या खर्चाला लावले तरी हेतू साधतो.

‘तयार’ या शब्दाला आपल्या या भागात वेगळेच वजन आहे. १९९० साली आक्रमणानंतर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी परतले, त्या दिवसांत रांगा लावणे, याद्या करणे, अन्न वाटून घेणे ही कामे सामान्य माणसांनीच केली. आणि १२ जून २०२४ रोजी मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला लागलेली आग तर आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावरची. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य भारतीय. धुरात वाकून किंवा रांगत जावे, लिफ्ट वापरू नये, ११२ ला फोन करून पत्ता नीट सांगावा, हे आपल्या मुलाला येते का, हा प्रश्न प्रत्येक घरात आजच विचारण्यासारखा आहे.

शाळेला विचारायचे प्रश्न

नाव नोंदवण्यापूर्वी स्काऊटमास्तरांना भेटून पुढील गोष्टी विचाराव्यात:

१. पथकात संघ आहेत का? संघनायक कोण ठरवतो? तो प्रत्यक्ष काय काम करतो?
२. वर्षात किती मेळावे होतात? त्यांतला किती वेळ संचलनात जातो आणि किती प्रत्यक्ष कामात?
३. मुक्कामी शिबिर होते का? स्वयंपाक मुले करतात की जेवण बाहेरून येते?
४. स्काऊटमास्तरांचे प्रशिक्षण झाले आहे का? शिबिरात प्रथमोपचार जाणणारे कोण असते?
५. किमान दोन प्रौढांचा नियम पाळला जातो का? तक्रार कोणाकडे करायची?
६. उन्हाळ्यात कार्यक्रम कुठे आणि किती वाजता होतात?
७. मागच्या वर्षी मुलांनी स्वतः ठरवून केलेले एखादे काम कोणते?

शेवटच्या प्रश्नाला पटकन उत्तर मिळाले तर पथक जिवंत आहे असे समजावे.

पालकांनी काय करू नये?

मुलाची पिशवी आपण भरू नये. यादी द्यावी आणि विसरलेल्या वस्तूशिवाय त्याला एक रात्र काढू द्यावी. लॉगबुक आईच्या सुबक अक्षरात आणि इंटरनेटवरून छापलेल्या चित्रांनी सजवू नये. संघनायकपद मिळावे म्हणून सरांना फोन करू नये. शिबिरातून मुलगा घरी आला की ‘कितवा नंबर आला?’ असे विचारू नये, ‘तुमच्या संघात स्वयंपाक कोणी केला?’ असे विचारावे. प्रमाणपत्राचा उपयोग पुढे होऊ शकतो (भारतीय रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी वेगळी भरती असते), पण प्रमाणपत्रासाठी स्काऊट ही उलटी वाट झाली.

आणि मुलाला दोन-तीन महिने मनापासून करून पाहूनही आवडले नाही, तर जबरदस्ती नको. राष्ट्रपती पुरस्कार न मिळवताही उत्तम माणसे होतातच.

शाळेत पथक नसेल तर : आठ शुक्रवार

एकाच इमारतीतील किंवा परिसरातील चार-सहा कुटुंबे मिळून थंडीच्या दिवसांत पुढील कार्यक्रम करू शकतात. याला स्काऊट म्हणू नये, गणवेष वापरू नये. मित्रमंडळींनी मुलांसाठी केलेला घरगुती उपक्रम एवढेच त्याचे स्वरूप ठेवावे. मुलांचे दोन संघ करावेत, नायक आळीपाळीने बदलावा आणि दोन पालक फक्त लक्ष ठेवायला असावेत.

पहिला शुक्रवार : इमारतीचा नकाशा काढणे, जिने शोधणे, आगीत बाहेर पडण्याचा सराव, ११२ ला काय सांगायचे.

दुसरा : वर सांगितलेल्या चार गाठी, डोळे बांधूनही येईपर्यंत.

तिसरा : प्रथमोपचार. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे. नाकातून रक्त आले तर डोके मागे न टाकता पुढे झुकवणे. जखम दाबून धरणे.

चौथा : कांदेपोहे आणि चहा, सर्वांसाठी. भांडी घासून, ओटा पुसून मगच सुट्टी.

पाचवा : संध्याकाळी दिशा ओळखणे. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २९ अंशांवर दिसतो, मुंबईत १९ अंशांवर. हा फरक का, हे मुलांनाच शोधू द्यावे.

सहावा : पाच दिनार देऊन जमियामधून एका जेवणाची खरेदी. यादी, हिशेब आणि परत आलेले फिल्स, सगळे मुलांनी सांभाळायचे.

सातवा : समुद्रकिनाऱ्याच्या एका तुकड्याची स्वच्छता. छायाचित्रे काढण्यापुरती नव्हे, पिशव्या भरेपर्यंत.

आठवा : मुलांनी आखलेली सहल. कुठे जायचे, काय न्यायचे, किती वाजता निघायचे, सगळे तेच ठरवतील. काही विसरले तर विसरू द्यावे.

या आठ आठवड्यांत पालकांना सर्वात जड जाणारे काम एकच असते: हात मागे बांधून उभे राहणे. पोहे चिकट होणार, हिशेबात पन्नास फिल्स कमी येणार. ते येऊ देत. आपण जवळ आहोत तोवर या चुका स्वस्तात पडतात.

शाळेचे परिपत्रक पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा मुलाला शेजारी बसवून, वरचे प्रश्न समोर ठेवून निर्णय घ्यावा, एवढीच विनंती. ज्यांच्या घरात पूर्वीचे स्काऊट आहेत (आणि आमच्या अंदाजाने ते बऱ्याच घरांत आहेत!) त्यांनी आपल्या शिबिरांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. ज्यांना आठ शुक्रवारांचा उपक्रम आपल्या भागात करायचा आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत कार्यकर्त्यांशी बोलावे. दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि मोठे पातेले आमच्याकडे आहे. मुले तुम्ही आणा.